बावन्न लेकरांचा सा आणि तुझा खर्ज

आलेलं पत्र, थोडं आटोपशीर करून:

"बाई, नमस्कार. मी अंबाजोगाईत राहते, वय २३. एम.ए. संगीताच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि डिसेंबरात गाण्याच्या विशारद पूर्ण परीक्षेला बसायचंय. जूनपासून इथून १८ किलोमीटरवरच्या एका शाळेत मानधनावर गाणं शिकवते. सकाळी कॉलेज, दुपारी एसटीनं शाळा, आठवड्याचे पाच दिवस. पाचवी ते नववीची ५२ लेकरं समूहगीताला आहेत. १७ सप्टेंबरच्या, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाच्या ध्वजवंदनाला सगळ्यांचा पहिला सा लागला तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. वाटलं, जन्मभर हेच करावं. पण रोजचं तसं नाही. मुख्याध्यापक म्हणतात, आवाज गेटपर्यंत आला पाहिजे. गणिताचे सर ऐन तासाला आठवीची पोरं ओढून नेतात. नववीच्या पोरांचे आवाज फुटलेत, ती गायला लागली की गाणं खाली बसतं. पाच-सहा लेकरं बेसूर आहेत, त्यांना काढून टाका असं मला सांगितलंय. दिवाळीच्या सुट्टीआधीच नऊ लेकरं आईबापासोबत ऊसतोडीला गेली, त्यात दोन चांगल्या गळ्याच्या मुली होत्या. आता गॅदरिंग डिसेंबरात आणि माझी परीक्षाही डिसेंबरात. घसा कायम बसलेला. परवा गुरुजी म्हणाले, तुझा खर्ज, ते खालचे सूर, कुठं गेले? परीक्षा सोडू का शाळा सोडू, ते सांगा. ता.क. शाळेच्या पेटीची काळी दोन, म्हणजे दुसरी काळी पट्टी, बोलत नाही, काय करावं?"

लेकी,

आधी उत्तर देते, कारणं मागून. परीक्षा सोडू नको. शाळाही आज सोडू नको. पण शाळेला तू जेवढी देतेस तेवढी देणं या दिवाळीपासून बंद कर.

परीक्षेबद्दल मी इतक्या ठामपणानं बोलते, कारण मी ती सोडली होती. मी ३१ वर्षं गाण्याचे तास घेतले, आधी परभणी जिल्ह्यात, मग बीड जिल्ह्यात. सुरुवातीची वर्षं मीही तुझ्यासारखी शिकत शिकतच शिकवत होते. मध्यमा झालं होतं, विशारद प्रथमचा फॉर्म भरला होता, आणि गॅदरिंग नेमकं परीक्षेच्या आठवड्यात आलं. आमचे हेडसर म्हणाले, बाई, परीक्षा काय दर सहा महिन्यांनी असतेच की. खोटं नव्हतं ते. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा एप्रिल-मे आणि नोव्हेंबर-डिसेंबर अशा वर्षातून दोनदा होतात. म्हणून मी निश्चिंत मनानं सोडली. एप्रिलात उत्तरपत्रिकांचे गठ्ठे आले, दिवाळीला माझं लग्न ठरलं, पुढं लेकरू झालं. पुन्हा परीक्षेला बसले तेव्हा मधे सहा वर्षं गेली होती, आणि चोविसाव्या वर्षी गळ्यात बसलेले राग तिसाव्या वर्षी पहिल्यापासून घोटावे लागले. त्या वर्षी गॅदरिंगला कोणतं गाणं बसवलं होतं, ते मला आज आठवतही नाही.

आता घसा. तू लिहिलं नाहीस, पण तुझा तास कसा चालत असेल ते मला दिसतं. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत तू लेकरांबरोबर गातेस, आणि बावन्न जणांच्या वर ऐकू जावं म्हणून ओढून गातेस. मधे दंगा झाला की त्याच्याही वर ओरडतेस. यानं घसा तर जातोच, पण लेकरंही तुझ्या आवाजावर टेकून राहतात. एकदा मधेच थांबून बघ. दुसऱ्या कडव्यात गाणं कोलमडलं तर समज, आतापर्यंत तूच एकटी गात होतीस.

एक ओळ तू गा, एकदाच, साध्या आवाजात. मग गप्प बस आणि त्यांना म्हणू दे. ती गात असताना ऐकायचं, एवढंच तुझं काम. चुकलं तर सगळी ओळ परत नको, जिथं चुकलं तेवढाच चार अक्षरांचा तुकडा घे. पेटीवर पूर्ण चाल वाजवत बसू नको, सा आणि प धरून ठेव. मोबाइलवरचा तंबोराही चालेल. दंगा झाला तर ओरडायच्या ऐवजी ठेक्यात टाळी वाजव आणि त्यांनी तशाच टाळीनं उत्तर द्यायचं, असं ठरवून टाक. तिसऱ्या टाळीला वर्ग शांत होतो. ही सवय लागायला मला एक सत्र लागलं. तुला परीक्षा जवळ आहे म्हणून पंधरा दिवसांत लावून घे.

घसा बसला असेल त्या दिवशी कुजबुजत बोलू नको. आपल्याला वाटतं त्यानं आराम मिळतो, पण कुजबुजण्यानंही स्वरतंतूंवर ताण येतो. हळू पण मोकळ्या आवाजात बोल, नाहीतर बोलूच नको. खडूची धूळ, एसटीची उघडी खिडकी, दुपारचं ऊन, सगळं घशावर बसतं, तेव्हा पाण्याची बाटली पिशवीत नाही, हातात असू दे. आणि तीन आठवड्यांत आवाज सुटला नाही तर हळद-दुधावर महिने काढू नको. तुझ्याच गावात सरकारी मेडिकल कॉलेजचं रुग्णालय आहे, तिथं कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना स्वरतंतू दाखवून ये. गाणाऱ्या माणसानं यात संकोच करायचा नसतो.

खर्जाचा रियाज संध्याकाळवर ढकलू नको, दमलेल्या घशाला खर्ज सापडत नाही. पहाटे पंचवीस मिनिटं, बस्स. तास-दीड तास जमत नाही म्हणून तू ती पंचवीस मिनिटंही सोडून दिली असशील, अशी मला शंका आहे. गुरुजींना जो खर्ज ऐकू आला नाही तो त्याच पंचवीस मिनिटांत आहे. आणि त्यांना खरं काय ते सांगून टाक. शाळेत किती वेळ जातो, घसा कधीपासून बसलाय, सगळं. शिष्याच्या गळ्याचं काय झालंय हे गुरूला नीट कळलं तर ते त्याप्रमाणे रियाज बदलून देतात. तू लपवलंस तर त्यांना फक्त आळस दिसेल.

आता गाण्याच्या पट्टीकडं, म्हणजे सा पेटीच्या कोणत्या सुरावर धरायचा त्याकडं येते, कारण तुझ्या निम्म्या अडचणी तिथं आहेत. तुझी स्वतःची पट्टी काळी चारच्या आसपास असणार, बऱ्याच बायकांची असते. तू पेटीवर बसतेस, हात आपोआप काळी चारवर जातो आणि गाणं सुरू होतं. त्या पट्टीत लेकरं दोन्हीकडून अडकतात. खालून घेतलं तर ध्रुवपद घशात गुरगुरतं, वरून घेतलं तर अंतऱ्याला किंचाळतात. पेटीच्या मधल्या सप्तकातल्या पांढरी एकपासून वरच्या सप्तकातल्या पांढरी दोनपर्यंत, एवढा टप्पा पाचवी-सहावीच्या लेकरांना सोयीचा धर. गाण्यातला सगळ्यात खालचा सूर कोणता आणि सगळ्यात वरचा कोणता ते आधी बघ, गाणं या टप्प्यात बसेल असा सा निवड, आणि तो वहीत गाण्याच्या नावापुढं लिहून ठेव. राष्ट्रगीतापासूनच सुरुवात कर. रोज परिपाठाला कुणीतरी लेकरू मनाला येईल त्या सुरात उचलतं आणि शेवटच्या 'जय हे'ला सगळी शाळा ओरडते. पांढरी दोनचा सा देऊन बघ, पहिल्याच दिवशी फरक ऐकू येईल.

हो, परिपाठ. तुला वेळापत्रकात तास मिळत नाहीत म्हणून तू कष्टी आहेस, पण रोज सकाळी सगळी शाळा ओळीत उभी राहून गाते. राष्ट्रगीत ५२ सेकंदांचं, प्रार्थना, आणि २०२३ पासून राज्यगीत. कुणाचा गणिताचा तास न बुडवता रोजची पाच-सहा मिनिटं आहेत ही. तू दुपारी पोचतेस, म्हणून आठवीतल्या एखाद्या जबाबदार मुलीच्या हातात सूर दे. तिला फक्त सा वाजवायला आणि दोन मात्रांचा इशारा द्यायला शिकव. सुरात सुरू होणं आणि एकत्र सुरू होणं, या दोन गोष्टी रोज घडल्या तर तुझ्या तासातला पाव वेळ वाचतो.

नववीच्या पोरांबद्दल मात्र मला सावकाश बोलायचंय. पोरांचा आवाज साधारण १२ ते १५ वर्षांच्या दरम्यान फुटतो. स्वरयंत्र वाढतं, स्वरतंतू लांब आणि जाड होतात, आणि आवाज जवळजवळ एक सप्तक खाली उतरतो. तो एका रात्रीत उतरत नाही. मधले काही महिने पोराला स्वतःलाच कळत नाही की तोंड उघडल्यावर कोणता आवाज येणार. या काळात आपल्याकडं त्यांना गाण्यातून उठवायची पद्धत आहे आणि ती मला कधीच पटली नाही.

माझ्या वर्गात एक पोरगा होता. सातवीत असताना ध्रुवपद तोच उचलायचा, आणि त्याच्या तोंडचा 'सा' ऐकून बाकीची लेकरं सरळ बसायची. नववीच्या दिवाळीनंतर आला तो आवाज फुटूनच. पहिल्याच ओळीला सूर सटकला, मुली हसल्या. दुसऱ्या दिवशी तो वर्गात आला नाही, खिडकीबाहेर कडुनिंबाखाली उभा राहून ऐकत होता. मी त्याला आत बोलावलं, गाणं म्हण असं म्हटलंच नाही. हातात टाळ दिले. तास संपल्यावर त्याला एकट्याला थांबवलं आणि म्हटलं, तुला सोपा वाटेल तो एक सूर लाव. त्यानं लावला. पेटीवर तो शोधला, खालच्या सप्तकातला निघाला. त्याच्या वर-खाली मिळून पाच सूर धडपणे लागत होते. गाण्याचा सा मी थोडा सरकवला, त्या पाच सुरांत त्याला सा आणि प सापडतील असा, आणि ध्रुवपदाला त्यानं नुसता तो खालचा सा आकारात धरून ठेवायचा असं ठरलं. आठवडाभरानं त्याच्यासारखे आणखी दोघं आले. फेब्रुवारीत पेटी दुरुस्तीला गेली होती तेव्हा लेकरांनी त्या तिघांच्या आकारावरून सूर घेतला.

तुझ्या नववीच्या प्रत्येक पोराला असं एकदा एकट्याला ऐक. त्याचे सोयीचे सूर वहीत लिही आणि महिन्यानं पुन्हा तपास, कारण ते बदललेले असतील. ज्याला तेवढंही नको असेल त्याला टाळ, दिमडी, हलगी काहीही दे, पण गाण्याच्या आत ठेव. गाणं खाली बसतं म्हणतेस, ते बसायचं थांबेल, कारण आज ती पोरं लेकरांच्या चालीत चढायचा प्रयत्न करतात आणि चढता येत नाही म्हणून सगळ्यांना खाली ओढतात.

बेसूर लेकरांना काढू नको. इथं मी माझी एक चूक सांगते. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी तालुक्याची समूहगीत स्पर्धा होती, आणि मी एका सहावीच्या लेकराला म्हणाले, तू नुसते ओठ हलव. त्यानं हलवले. पुढच्या सोमवारी त्यानं विचारलं, "बाई, मी दप्तरं राखू का?" आणि वर्षभर तो वर्गाच्या दारात सगळ्यांची दप्तरं राखत बसला. मला तेव्हा ते सोयीचंच वाटलं. पुढच्या वर्षी त्याचे आईबाप गाव सोडून गेले. त्याला सूर लावायला शिकवायचं माझ्या हातून राहूनच गेलं.

ज्याला आपण बेसूर म्हणतो त्या लेकराला बहुतेक वेळा दुसऱ्याचा सूर ऐकून आपल्या गळ्यात आणता येत नाही, एवढंच असतं. मग उलटं करायचं. तू त्याच्या सुराकडं जा. त्याला म्हण, लांबून आईला हाक मारतोस तशी मार. ती हाक ज्या सुरावर येईल तो सूर तू लाव. दोघांचा एक झाला की त्याचा चेहरा बघ, आपला आवाज कुणाशी तरी जुळला हे त्याला पहिल्यांदाच कळलेलं असतं. मग तिथून एक सूर वर, परत खाली. रोज पाच मिनिटं, भूप रागातले पाचच सूर, सा रे ग प ध. काही लेकरं महिन्यात येतात, काहींना वर्ष लागतं. गाताना अशा लेकराला मागच्या रांगेत टाकू नको, दोन पक्क्या सुराच्या मुलींच्या मधे उभं कर.

पुन्हा कुणी म्हणालं की निवडक दहा-बारा चांगले गळे घ्या, तर त्यांना १९३८ साल आठवून दे. औरंगाबादच्या कॉलेजातल्या आणि हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी वसतिगृहात 'वंदे मातरम्' म्हणायचा आग्रह धरला. निजामाच्या राज्यात त्यावर बंदी आली, पोरं हटली नाहीत, त्यांना काढून टाकलं, आणि त्यातल्या कितीतरी जणांना नागपूर विद्यापीठानं घेतलं म्हणून त्यांचं शिक्षण पुरं झालं. त्यांच्यात कुणाचा सूर कसा होता हे कुणी तपासलं नव्हतं. तू १७ सप्टेंबरला लेकरांकडून जे गाऊन घेतलंस त्याच्या मागं हे आहे. ही गोष्ट त्यांना सांगितली नसशील तर सांग. आपल्याकडं १५ ऑगस्टनंतर महिनाभरात पुन्हा ध्वजवंदन का असतं, १९४८ च्या सप्टेंबरात काय झालं, हे पाचवीच्या लेकराला गाण्याच्या तासाला समजलं तर इतिहासाच्या पुस्तकापेक्षा पक्कं राहतं.

ऊसतोडीला गेलेल्या नऊ लेकरांबद्दलचं तुझं वाक्य वाचून मी पत्र बाजूला ठेवलं होतं. धारूर, केज, वडवणी, कुठल्याही तालुक्यातल्या गाण्याच्या शिक्षकाला हे दुःख माहीत आहे. दसरा झाला की ट्रॅक्टर लागतात आणि सप्टेंबरात तयार केलेला गट नोव्हेंबरात मोडलेला असतो. मी कित्येक वर्षं यावर चिडत राहिले, दर वर्षी गेलेल्या गळ्यांच्या जागी तसेच गळे शोधत राहिले. नंतर कधीतरी काकड्याला देवळात बसले होते तेव्हा लक्षात आलं की बुवा ओळ म्हणतात आणि टाळकरी ती उचलतात, मधेच कुणी येतं, कुणी शेतावर जायला उठतं, आणि भजन चालूच असतं. गोंधळातही तसंच. मुख्य गोंधळी पुढं जातो, झीलकरी झील धरतात, म्हणजे मागून ध्रुवपद उचलतात. नरसीचे नामदेव, गंगाखेडची जनाबाई, पैठणचे नाथ, आपल्याच मुलखातल्या या माणसांचे शब्द शेकडो वर्षं अशा येत्या-जात्या गळ्यांनी सांभाळले आहेत.

म्हणून गाणी तशी निवड आणि तशी बांध. ध्रुवपद छोटं, चार-पाच सुरांतलं, कुणालाही दोन वेळा ऐकून धरता येईल असं. कडवी तीन-चार मुलींच्या गटाला वाटून दे, एकटीला कधीच नको. एक गेली तर गट राहतो. सगळ्यांना झील येत असली की नवं लेकरू पहिल्याच दिवशी गाण्यात येतं. तुझ्या गटात त्रेचाळीस राहिलीत, त्रेचाळिसांत हे सहज होईल.

आणि गेलेल्या नऊ जणांना सोडून देऊ नको. जी मागं आजीजवळ किंवा हंगामी वसतिगृहात राहिली असतील ती कोण, ते आधी शोध. जी फडावर गेलीत त्यांच्या आईबापांपैकी कुणाकडं तरी मोबाइल असतो. नवं ध्रुवपद रेकॉर्ड करून पाठव, दीड मिनिटाचं. त्या दोन मुलींना म्हण, कोपीवर, आपल्या झोपडीपाशी बसून म्हणा आणि मला परत पाठवा. दिवसभर त्यांच्यामागं धाकटं भावंड सांभाळायचं आणि पाणी आणायचं काम असतं, तेव्हा उत्तर येईलच असं नाही. माझ्या एका मुलीनं एकदा कारखान्याच्या भोंग्यासकट रेकॉर्डिंग पाठवलं होतं. आम्ही ते वर्गात वाजवलं आणि त्यावर सगळ्यांनी झील धरली. ती चैत्रात परत आली तेव्हा तिची जागा रांगेत तशीच होती.

मुख्याध्यापकांचं 'गेटपर्यंत आवाज' हे म्हणणं उडवून लावू नको. पालक गेटजवळ उभे असतात, त्यांना लेकरांचे शब्द कळावेत असं त्यांना वाटतं, ते बरोबर आहे. फक्त ओरडून ते होत नाही. त्रेचाळीस गळे थोड्या थोड्या वेगळ्या सुरात असले की आवाज आपसात थरथरत राहतो आणि गोंगाट वाटतो. सूर एक झाला की ती थरथर मिटते आणि तोच आवाज भरीव होऊन लांब जातो. १७ सप्टेंबरला तुझ्या अंगावर जो काटा आला तो त्याचाच होता. सोमवारी त्यांना सांग, सर, दोन मिनिटं गेटवर उभे राहा. एक ओळ ओरडून म्हणून घे, तीच ओळ हलक्या आवाजात, सुरात, शेवटचं अक्षर सगळ्यांनी एकत्र सोडून. कोणती नीट पोचली ते तेच सांगतील.

गणिताच्या सरांशीही भांडू नको. आठवीला एनएमएमएस ही शिष्यवृत्तीची परीक्षा असते आणि तिचा निकाल त्यांच्या माथी येतो. पाच दिवस अर्धवट तास घेण्यापेक्षा सोमवार, बुधवार, शुक्रवार असे तीन दिवस चाळीस मिनिटं लेखी मागून घे, आणि बाकी दोन दिवस लेकरं त्यांची. त्यांना हे आवडेल. तुझे दोन दिवस मोकळे होतील, ते अभ्यासाला.

गॅदरिंगला नवं गाणं एकच, झीलेचं. दुसरं १७ सप्टेंबरचंच, नव्या गटांत वाटून. तिसरं मागितलं तर सरळ नाही म्हण. परीक्षेच्या आधीचे पंधरा दिवस सुट्टी हवी म्हणून आत्ताच अर्ज दे, परीक्षेच्या वेळापत्रकाची प्रत जोडून, आणि तेवढे दिवस परिपाठात सूर देणारी ती मुलगी आणि तिच्या जोडीला दुसरी, दोघी मिळून सराव घेतील असं सांग. घेतीलही. लेकरं एकमेकांना ज्या शिस्तीत गायला लावतात ते एकदा दाराआडून बघ. एवढं मागूनही सुट्टी नाकारली तरी ते दिवस शाळेत न जाता परीक्षा दे, आणि मग २६ जानेवारीचं गाणं करून शाळेचा निरोप घे. लेकरांना अर्ध्या गाण्यात टाकून जायचं नाही आणि परीक्षाही द्यायची, या दोन्ही गोष्टी मग तुझ्या हातात राहतील.

अभ्यासाचं एक सांगते. शाळेची गाणी तू शब्दांच्या वहीतून शिकवत असशील. प्रत्येक गाणं स्वरलिपीत लिही, आधी भातखंडे पद्धतीत, मग तेच पलुस्कर पद्धतीत. भातखंड्यांच्या लिपीत स्वराच्या डोक्यावरचा बिंदू तार सप्तक दाखवतो, पलुस्करांच्या लिपीत तसाच डोक्यावरचा बिंदू मंद्र सप्तक दाखवतो, आणि पेपरात मुलं नेमकी तिथं घसरतात. दोन गाणी दोन्ही पद्धतींत लिहिलीस की ही चूक तुझ्याकडून होणार नाही. लेकरांना केरवा आणि दादरा हातावर मोजायला शिकवताना तुझे स्वतःचे ताल दुगुणीत, म्हणजे दुप्पट लयीत म्हणत जा, एसटीत बसल्या बसल्याही होतं ते. गाणं मधेच थांबवून पेटीचा सा वाजवायचा आणि लेकरं किती उतरली ते ऐकायचं, हे रोज केलंस तर तंबोरा लावताना तुझा स्वतःचा कान किती बारीक झालाय ते महिन्यात कळेल. माझा कान शाळेतच तयार झाला.

राहिली पेटी. काळी दोन दाबल्यावर पट्टी खाली जाते आणि नुसती हवा जाते, सूर येत नाही, असंच असेल तर पेटी बिघडलेली नाही. भाता बंद कर, वरची फळी काढ, रीडची पाटी उघडून काळी दोनची रीड शोध. पातळ कागदाची कड तिच्या पितळी जिभेखालून हलकेच फिरव, मऊ ब्रशनं झटक. जीभ वाकवू नको, खरवडू नको, नाहीतर सूर बदलतो. आपल्याकडच्या शाळांत पेटी खडूच्या कपाटाशेजारी ठेवतात, बहुतेक वेळा धुळीचा एक कण अडकलेला असतो. तो निघाला की बोलेल.

तुझी,
गाण्याच्या बाई